चंद्रीचा सरस

आमच्या करंजपेठेतल्या पाच वस्तू रोज संध्याकाळी पाच वाजता आपापल्या घरातून बाहेर पडायच्या आणि अडीच किलोमीटर चालत म्हाळवाडीला हौसाक्कांच्या गोठ्यात जायच्या. मगदूम गुरुजींची आरामखुर्ची, कुमुदताई उपळेकरांचा तंबोरा, भजनी मंडळाची बाजाची पेटी, किराणावाल्या शेट्यांचा देव्हारा आणि आमच्या स्वयंपाकघरातलं स्टूल. सकाळी धारा काढायची वेळ टळली की त्या परत यायच्या आणि जिथल्या तिथं उभ्या राहायच्या.

उगाच तिखटमीठ लावून सांगायची मला सवय नाही. मी निवृत्ती सुतार. बाजारपेठेच्या मागच्या गल्लीत माझं दुकान आहे. फर्निचर आणि लाकडी वाद्यं दुरुस्त करतो, चाळीस वर्षं झाली. या पाचही वस्तू मीच सांधल्या होत्या, त्यामुळे लोक माझ्याकडे बघायचे ते काही खोटं नाही.

खुर्ची आणि स्टूल पायांनी चालायची. पेटी लहान लहान उड्या मारायची. देव्हारा मात्र फार जपून, बाळकृष्ण कलंडू नये म्हणून अंग न हलवता जायचा. तंबोऱ्याला पाय नाहीत. तो भोपळा टेकत टेकत जायचा आणि नेहमी मागं राहायचा. मग बाकीचे चौघे ओढ्याच्या वळणावर त्याच्यासाठी थांबायचे. मी स्वतः सायकलवरून मागं जाऊन पाहिलंय. एकदासुद्धा त्याला सोडून पुढं गेले नाहीत.

आता असं का झालं, ते सांगतो. त्यात माझीच चूक आहे, आणि थोडी माझ्या बायकोची, शेवंताची. पण ते तिच्यासमोर म्हणायची सोय नाही.

मी सरस वापरतो. बाटलीतला पांढरा गोंद माझ्या दुकानात चढलेला नाही, चढणारही नाही. गोंदाने चिकटवलेलं पुन्हा उकलायचं म्हटलं तर लाकूड फाटतं. सरसाचं तसं नाही. कातड्याच्या कातरणी शिजवून केलेल्या त्या वड्या, आदल्या दिवशी थंड पाण्यात भिजत घालायच्या, फुगल्या की पाण्याच्या भांड्यात दुसरं भांडं ठेवून ऊन करायच्या. उकळू द्यायचं नाही. वास येतो, मान्य आहे. पण पन्नास वर्षांनी कुणी दुसऱ्या सुताराने गरम पाण्याचं फडकं सांध्यावर ठेवलं, तर सांधा अलगद सुटतो. लाकडाला ओरखडा नाही. आपल्यानंतर येणाऱ्या माणसाला वाट मोकळी ठेवायची, असं हे काम आहे.

आमच्या वडिलांचा एक नियम होता. सरसाचं भांडं कधी घासायचं नाही. तळाला जुना सरस राहिला पाहिजे, त्यात नवा घालायचा. म्हणजे भांड्यात नेहमी शंभर जनावरं मिसळलेली असतात आणि कुणा एकाची चाल वर येत नाही. वडील हे सांगायचे तेव्हा मला वाटायचं, म्हातारा आळशी आहे. तर गेल्या दिवाळीत शेवंताने दुकान झाडलं, आणि ते भांडं चिंच लावून असं घासलं की त्यात तोंड दिसावं.

“भांडं घासलं हा माझा गुन्हा झाला व्हय?” ती अजून विचारते.

गुन्हा नाही. पण त्यानंतर सरसाचं पहिलंच गाठोडं आलं, ते सगळं एकाच म्हशीचं होतं. सरस करणारे बाबालाल म्हणाले, या खेपेला कातडी कमी आली, म्हणून म्हाळवाडीच्या एका म्हशीच्या कातरणी वेगळ्याच शिजवल्या. मीही म्हटलं, असू द्या. त्या गाठोड्यातून कार्तिकात पाच कामं झाली. सांधे आवळून धरणारे शिकंजे काढले, सुतळ्या सोडल्या आणि त्याच दिवशी पाच वाजता आमचं स्टूल उंबरा ओलांडून गेलं. शेवंता त्यावर चढून डबा काढत होती. कशीबशी उतरली.

मी स्टुलाच्या मागं गेलो. म्हाळवाडीच्या टोकाला एक लांबट गोठा आहे. दारात साठीच्या पुढची एक बाई पेंडीचं घमेलं घेऊन उभी होती. पाचही वस्तू तिच्या बाजूने आत गेल्या, पलीकडच्या कोपऱ्यातल्या रिकाम्या खुंट्यापाशी दाटीवाटीने उभ्या राहिल्या आणि भिंतीकडे तोंड करून थांबल्या. बाईने खुर्चीच्या पाठीवर थाप मारली. खुर्चीचं अंग शहारलं.

“तुमची व्हय ही?” तिने मला विचारलं.

“मी दुरुस्त केलीत. तुम्ही कोण?”

“मी हौसाक्का. आणि ही माझी चंद्री हाय,” ती म्हणाली. “भादव्यात गेली. मला वाटलंच, ही ऱ्हायची न्हाई. येरवाळी कवाबी आली न्हाई, उशीर कवा केला न्हाई. सहाच्या ठोक्याला दारात.”

मी घड्याळ पाहिलं. सहाला दोन मिनिटं होती. तंबोऱ्याचा भोपळा अजून दारात होता.

मग हौसाक्कांनी सांगितलं. मूलबाळ नाही, मालक जाऊन बारा वर्षं झाली. चंद्री चौदा वर्षं होती. कपाळावर पांढरा टिकला, म्हणून चंद्री. शेवटी दूध आटलं होतं, मागच्या डाव्या पायाने लंगडायची, भाऊबंद म्हणाले विकून टाक. नाही विकली. “तिच्याशी बोलायचं माझं असायचं सगळं,” हौसाक्का म्हणाल्या. “माणसांशी काय बोलायचं वो? ती मधीच बोलत्यात.”

 मी स्टूल तिथंच ठेवून घरी आलो.

करंजपेठेतल्या लोकांनी सांभाळून घेतलं, नाही असं नाही. मगदूम गुरुजी म्हणाले, मी आता सकाळी बसतो खुर्चीत, वर्तमानपत्र सकाळीच येतं. शेट्यांनी सांजवात उंबऱ्यावर लावायला सुरुवात केली. भजनी मंडळ टाळांवर भागवायला लागलं. अडचण एकट्या कुमुदताईंची होती. त्यांच्या गाण्याच्या वर्गाची वेळच पाच ते सात, कारण मुली शाळेतून तेव्हाच सुटतात.

“अहो निवृत्ती,” त्या दुकानात येऊन म्हणाल्या, “चार महिने झाले, मी मोबाइलमधल्या तंबोऱ्यावर शिकवतेय. लाज वाटते मला. मुली विचारतात, बाई, आपला तंबोरा कुठे आहे? काय सांगू? गोठ्यात आहे म्हणून सांगू?”

“तसंच सांगा,” मी म्हटलं. “आहेच गोठ्यात.”

“आणि एक सांगते, कुणाला बोलू नका.” त्यांनी आवाज खाली आणला. “सकाळी परत येतो ना, तेव्हा त्याचा खर्ज असा लागतो की अंगावर काटा येतो. इतका तृप्त मी त्याला कधी ऐकला नव्हता. म्हणून अजून भांडले नाहीये तुमच्याशी.”

असं निभत होतं. पण फाल्गुनात नगरपालिकेने मोकाट जनावरांची मोहीम काढली, आणि पहिल्याच दिवशी ओढ्याच्या वळणावर, तंबोऱ्याची वाट बघत थांबलेल्या चार वस्तू कोंडवाड्याच्या गाडीत चढवल्या गेल्या. तंबोरा मागून आपण होऊन चढला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही सगळे कोंडवाड्यावर. तिथले कारकून पिसाळ. माणूस वाईट नाही, पण रकाना रिकामा सुटलेला त्यांना बघवत नाही.

“ही जनावरं कुणाची?” पिसाळांनी विचारलं.

“साहेब, ही जनावरं नाहीत. खुर्ची आहे, स्टूल आहे...”

“मोकाट होती का?”

“होती.”

“रस्त्यात उभी होती का?”

“होती. पण तंबोरा मागं राहिला होता म्हणून.”

“कळपाने होती,” पिसाळांनी लिहिलं. “वर्ण?”

“सागवानी.”

“शिंगं?”

“नाहीत.”

पिसाळांनी तंबोऱ्याकडे पाहिलं. “मग हे काय आहे?”

“ती दांडी आहे,” कुमुदताई म्हणाल्या.

पिसाळांनी थोडा विचार केला आणि लिहिलं, ‘शिंगे : एक, सरळ.’ मग त्यांनी मान वर केली. “कानातला बिल्ला?”

 तेवढ्यात मागून हौसाक्का पुढं आल्या. पदराच्या गाठीतून त्यांनी पिवळा बिल्ला काढला, चंद्रीच्या कानातला, आणि टेबलावर ठेवला. पिसाळांनी नंबर पडताळून पाहिला. तो बरोबर निघाला. चंद्री मयत झाल्याची नोंद कुणी केलीच नव्हती.

“म्हणजे जनावर एक आहे,” पिसाळ म्हणाले, “आणि ठिकाणं पाच. हे नियमात बसत नाही. एका बिल्ल्यावर एकच जनावर, एकाच ठाण्यावर. आठ दिवसांत तशी व्यवस्था करा. नाहीतर मी बिल्ला रद्द करून जनावर मयत दाखवतो, आणि वस्तूंच्या मालकांनी सरस धुऊन टाकून आपापल्या वस्तू घरी न्याव्यात.”

“धुऊनच टाकू की,” शेटे म्हणाले. “गरम पाणी ओतलं की झालं. काय हो निवृत्ती?”

खरं होतं. गरम पाणी ओतलं, सांधे पुसले, पाणी गटारात सोडलं, की अर्ध्या दिवसाचं काम. मी मान हलवणार होतो.

“एकदा मेली ती,” हौसाक्का म्हणाल्या. त्या कुणाकडे बघत नव्हत्या, त्यांचा हात आमच्या स्टुलावर होता. “माझ्या मांडीवर डोस्कं ठिवून मेली. आता परत कशाला मारताय?”

 पिसाळांनी पेन खाली ठेवलं.

“आक्का, मी करतो काहीतरी,” मी म्हणालो. बोलून बसलो खरा, पण काय करणार होतो ते मला स्वतःला ठाऊक नव्हतं.

पिसाळांनी आठ दिवसांच्या बोलीवर वस्तू सोडल्या, आणि मी तीन दिवस नुसता डोकं खाजवत बसलो. चौथ्या दिवशी ऊन असं तापलं की रस्त्यावरचं डांबर चपलेला लागायला लागलं. चंद्री उन्हाळ्यात घरी येताना म्हाळवाडीच्या तळ्यात डुंबून यायची, हे मला हौसाक्कांनी सांगितलं नव्हतं. आणि सरस पाण्यात टिकत नाही, हे मी त्यांना सांगितलं नव्हतं.

त्या संध्याकाळी वस्तूंच्या मागं सायकल मारत मी तळ्यावर पोचलो तोवर खुर्ची आत शिरली होती. गळ्यापर्यंत, म्हणजे हातांपर्यंत, पाण्यात बसली होती आणि इतकी सुखात दिसत होती की तिला हाक मारवेना. बाकीचे काठावर ओळीत उभे. स्टूल पाण्यात पाय टाकणारच होतं.

“चंद्रे! भाईर ये! ये की गं!” हौसाक्का काठावरून ओरडत होत्या.

खुर्ची वळली. उठायला गेली आणि एकेक सांधा सुटत गेला. पाठ वेगळी झाली, हात वेगळे झाले, पाय तरंगायला लागले. मी धोतर खोचून पाण्यात उतरलो आणि मिळेल ते काठावर फेकत राहिलो. सगळं लाकूड मिळालं. पण तिथल्या पाण्यावर थोडा वेळ पिवळसर साय दिसली, मग तीही दिसेना.

उरलेल्या चौघांना हौसाक्कांनी हाकत गोठ्यात नेलं. जाताना स्टूल लंगडत होतं. मागच्या डाव्या पायाने. आदल्या दिवसापर्यंत ते नीट चालायचं.

“पाय गेला बघा तिचा,” हौसाक्का म्हणाल्या आणि दारातच खाली बसल्या. “आज पाय गेला. उद्या पोट जाईल. सुतार, वाचवा वो तिला. मी हात जोडते.”

मी खुर्चीची एक पट्टी हातात धरून उभा होतो. सांध्याची कूस, म्हणजे आतली बाजू, पाहिली. स्वच्छ होती. कुठं चीर नाही, कपची नाही. जशी मी कार्तिकात घडवली, तशीच. आणि मग माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. लाकूड लाकडाच्या जागी होतं. चंद्री सरसात होती. आणि सरस काढता येतो, म्हणून तर आम्ही जन्मभर तो वापरला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चारही वस्तू दुकानात घेतल्या. दारं लावून घेतली, कारण वारा लागला की सरस लवकर गोठतो. गरम पाण्याचं फडकं सांध्यावर ठेवायचं, दमाने, मग पातळ सुरी आत सरकवायची. सांधा सुटला की दोन्ही कुशी पुसून घ्यायच्या आणि फडकं वाटीत पिळायचं. एक थेंब जमिनीवर जाता कामा नये. तंबोरा उकलताना कुमुदताई शेजारी बसून होत्या. दांडी भोपळ्यापासून सुटली तेव्हा त्यांनी माझा दंड असा धरला की वळ उठला. शेवंताने चारी वाट्यांतलं पाणी एकत्र करून दिवसभर मंद आचेवर आटवलं. भांडं तिने घासलं नाही.

संध्याकाळी हातात एवढासा सरस राहिला. चंद्री होती तेवढी त्यात होती. पायाचा भाग वजा करून.

आता तिचं करायचं काय? मगदूम गुरुजींनी खुर्चीचं सगळं सागवान आणून दिलं. “माझी नात मला नवी खुर्ची देणार म्हणतेय,” ते म्हणाले. “हे तिलाच लावा.”

मी हौसाक्कांना विचारलं, “काय करून देऊ? बसायला चौरंग करू? तुमचे गुडघे दुखतात.”

“आगं बाई! तिच्यावर बसू व्हय मी?” त्या दचकल्याच. “चौदा वर्षं मी तिच्या खाली बसले. आता तिच्यावर बसायचं? काय बी ठिवायचं न्हाई तिच्यावर. नुसती उभी ऱ्हाऊ द्या.”

मग मी आयुष्यात प्रथमच कशासाठीच नसलेली वस्तू केली. चार पाय, त्यावर एक लांबट, जरा वाकलेली पाठ. कंबरेइतकी उंच. पुढच्या फळीवर बाभळीच्या सालीलगतच्या लाकडाचा पांढरट टिकला बसवला. तीन पायांना सरस पुरला. मागच्या डाव्या पायाला उरला नाही. दुसऱ्या जनावराचा तिथं लावणं बरं दिसलं नसतं, तो पाय भलतीकडेच ओढला असता. म्हणून तिथं नुसती बांबूची खीळ ठोकली. सुतळ्या सोडल्या तशी ती उठली, लंगडली आणि दाराकडे निघाली. पाच वाजले होते.

आठव्या दिवशी पिसाळ गोठ्यात तपासणीला आले. त्यांनी बिल्ला पाहिला, ठाणं पाहिलं, तिच्याभोवती एक फेरी मारली.

“जनावर एक. ठिकाण एक. वर्ण सागवानी. पाय चार, पैकी एक अधू,” ते लिहीत गेले. मग थांबले. “उपयोग?”

“उपयोग काही नाही,” मी म्हटलं.

“दुभती, भाकड, ओढकामाची, काहीतरी लिहावं लागतं. रिकामा रकाना मला शिक्का मारू देत नाही.”

हौसाक्कांनी तिच्या पाठीवरून हात फिरवला. “सांजच्याला घरी येती,” त्या म्हणाल्या.

पिसाळांनी लिहिलं, ‘उपयोग : सायंकाळी घरी येणे.’ आणि शिक्का मारला.

सगळं सुरळीत झालं, असं वाटून मी हातपाय धुतले. तर चार दिवसांनी हौसाक्का चालत दुकानावर आल्या. तोंड उतरलेलं.

“ती हलंना वो. घरातच हाय तर येणार कुठनं? मी सहाला घमेलं घिऊन दारात हुबी, आणि ती माझ्या मागं. कागदावर लिवून दिलंय आपण, घरी येणे म्हणून.”

 त्यांनी स्वतःच ठरवून टाकलं होतं. दाराबाहेर ती उभी होती. अडीच किलोमीटर त्यांनी तिला हाकत आणली होती.

“दिसभर ऱ्हाऊ द्या तुमच्यात,” त्या म्हणाल्या. “तळ्याकडनं धाडू नका तेवढं.” आणि मागं न बघता गेल्या.

तेव्हापासून ती सकाळी आपण होऊन येते. सरसाच्या भांड्याशेजारी उबेला उभी राहते. भांड्यात आता पुन्हा जुन्यात नवा असतो. बाकीच्या वस्तू त्याच सरसाने सांधल्यात आणि त्या घरीच असतात. पण सरस कितीही पुसला तरी लाकडाच्या रेषेत थोडा राहतोच. संध्याकाळी ती कुमुदताईंच्या घरावरून जाते तेव्हा आत तंबोऱ्याची खर्जाची तार एकदा वाजते. कुमुदताई मुलींना सांगतात, चला, बसा. शेट्यांचा देव्हारा बोटभर पश्चिमेला, म्हाळवाडीकडे, सरकतो, तो ते सकाळी परत लावून घेतात.

गिऱ्हाईक कधी तिच्यावर पिशवी ठेवायला जातं. मी ठेवू देत नाही.

लंगडीला अडीच किलोमीटरला तास पुरत नाही, हे लक्षात आल्यापासून मी तिला जरा आधीच सोडतो. पावणेपाचला हातातलं काम खाली ठेवतो, मागच्या डाव्या पायाची खीळ ठोकून बघतो, पाठीवर एक थाप मारतो आणि म्हणतो, “निघ आता चंद्रे, आक्का दारात उभ्या असतील.”

ती निघते.